दुसरा पेला

जेजू, ११ डिसेंबर

दाजी,

नमस्कार पत्राच्या शेवटी घालतो, आधी तक्रार ऐका. ताईने पाठवलेली वाळवलेल्या पर्सिमन फळांची पेटी आमच्या शाळेच्या कचेरीत अटकेत आहे. पेटीवर पाठवणारा म्हणून तुमचं नाव. तुम्ही एका विद्यार्थ्याचे वडील, मी त्याच विद्यार्थ्याचा शिक्षक, आणि पालकाने शिक्षकाला साधी कॉफी पाजली तरी आपल्या देशात हल्ली कायदा जागा होतो. मी कचेरीतल्या बाईंना म्हटलं, "अहो, ही माझ्या बहिणीने पाठवलीय."

"सगळे असंच म्हणतात, सर. ती तुमची बहीण आहे याचा पुरावा आणा."

जिने जन्मभर माझे कान पिळले ती माझी बहीण आहे, हे मला आता सिद्ध करायचं आहे. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. आमच्या कचेरीला त्यातलं एकही पुरत नाही, पाचवं लागतं. ते म्हणजे शिक्का. प्रकरण समितीपुढे गेलंय. काल समितीच्या एका सभासदाच्या मिशीवर पांढरी साखर दिसली, जशी त्या फळांवर असते तशी. धूर दिसला की अग्नी मानावा, एवढं तर्कशास्त्र मीही पुण्यात संस्कृत शिकताना शिकलो होतो. ताईला सांगा, पेटी पोचली. मला नव्हे, पण पोचली.

आता तुमच्या चिरंजीवांबद्दल. इथे त्याला थिओ म्हणतात. दारातून आत आलं की सगळ्यांना इंग्रजी नाव आणि इंग्रजी जीभ लावावी लागते. तेगन हे घरचं नाव बाहेर चपलांच्या कपाटात राहतं आणि सुटीला घरी जाताना पुन्हा पायात घालता येतं. अभ्यासाची तक्रार नाही. मी वर्गात शिरलो की तो एकटा उभा राहतो आणि मग आजूबाजूला पाहून हळूच बसतो. वही दोन्ही हातांनी देतो. आणि गप्प बसतो.

आमच्या शाळेत गप्प बसण्याची सोय नाही. उदारविद्या म्हणजे काय, तर एक मोठं लंबगोल टेबल, त्याभोवती पोरं, आणि जो बोलेल त्याला गुण. सोलची एक मुलगी आहे. पुस्तक तिने उघडलेलं नसतं, तरी चर्चेत ती पुस्तकाच्या चार पावलं पुढे असते. तेगनने ते दोनदा वाचलेलं असतं आणि तो टेबलाच्या लाकडातल्या रेघा मोजतो. आमचे मुख्याध्यापक मिस्टर विथर्स परवा मला म्हणाले, "थिओ म्हणजे कुलूप लावलेलं दार आहे, मिस्टर ब्योन. किल्ली शोधा."

मी म्हटलं, "त्या घरात वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडायला निमित्त एकच, जेवण."

ते हसले. त्यांना तो विनोद वाटला.

माझं इथलं स्थान तुम्हाला ठाऊकच आहे. शेळीच्या गळ्याला जी आचळं लोंबतात त्यांना संस्कृतात अजागलस्तन म्हणतात. दिसायला आचळं, दूध शून्य. शाळेच्या माहितीपुस्तकात संस्कृतच्या फळ्यासमोर माझा फोटो असतो, संस्कृतच्या वर्गात पोरं चार. पण बोलण्याचा वर्ग माझ्याकडे आहे, तेव्हा किल्ली शोधायची ती मीच. तुम्हीही उन्हाळ्यात तेच म्हणालात. एकदा नीट लिहून कळवा, कारण गप्प राहणं हा तुमच्या घरी गुण आहे आणि आमच्याकडे रोग. औषध लागू पडलं तर दोन्ही घरी पडेल.

राहिलेले नमस्कार ताईला आणि तुम्हाला.

हाक-सू


आन्दोंग, २० डिसेंबर

चि. हाक-सू यास,

पत्र मिळाले. पेटीचा मजकूर वाचून तुझी ताई ओक-री हसली. म्हणाली, "त्याला लहानपणापासून खाऊ मिळण्याआधी भाषण करायला लागतं." शेळीच्या आचळांवर तू जी शाई घालवलीस ती मुलावर घालव.

लिहून मागितले आहेस, म्हणून लिहितो. तेगनला बोलते कर. फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॉलेजचा माणूस सोलला येऊन मुलाखती घेणार आहे. ते लोक गुणपत्रिका बाजूला ठेवतात आणि म्हणतात, बोल. तिथे हा टेबलाकडे पाहत बसला तर सारे फुकट. धाकट्या आजोबांनी, माझ्या चुलत्यांनी, त्याला तुमच्या शाळेत घालण्यास विरोध केला होता, ते तुला आठवत असेल. "वंशाचा थोरला नातू, आणि गोऱ्यांच्या शाळेत? परत येऊन श्राद्ध कोण करणार, तुझा मेव्हणा?" मी साऱ्या भावकीसमोर शब्द दिला की मुलगा शिकेल, जग पाहील आणि परत येऊन घर सांभाळेल. तो शब्द तुझ्या भरवशावर दिला आहे.

दुसरी गोष्ट तुला माहीत आहे, तरी लिहितो. तेगन आमच्या पोटचा नाही हे भावकीत सर्वांना ठाऊक आहे, एकट्या त्याला नाही. माझ्या धाकट्या भावाने, सोक-जेने, त्याला आमच्या ओटीत घातले तेव्हा तो अंगावर पीत होता. थोरल्या घराला मुलगा नसेल तर धाकट्याने द्यावा, ही रीत आम्ही काढलेली नाही. कॉलेजचे एकदा ठरले की मी स्वतः त्याला समोर बसवून सांगणार आहे. त्याआधी कोणाकडूनही त्याला कळता कामा नये. ओक-रीला त्या दिवसाची धास्ती आहे. मी सांगितल्यावर तो तिच्याकडे कसा पाहील, एवढेच ती विचारते.

तेव्हा बोलते कर, पण घरावर नको. ग्रीक, रोमन, जे काय तुम्ही शिकवता, त्यांच्यावर बोलू दे.

फेब्रुवारीत, चांद्र नव्या वर्षानंतरच्या आठवड्यात माझ्या बाबांचे श्राद्ध आहे. तेगन आता वयात आला. यंदा तो माझ्या शेजारी उभा राहून पितरांना वाहायच्या मद्याची सुरई धरील. ओक-रीचे मनगट दुखते आहे, पण तळण दुसऱ्या कोणाला करू देणार नाही.

सोक-ग्यू


जेजू, १८ जानेवारी

दाजी,

दार उघडलं!

किल्ली मला सापडली असं म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. तरी श्रेय मी घेतो, कारण मिस्टर विथर्स ते आधीच वाटून मोकळे झाले आहेत.

झालं असं की वर्गात विषय निघाला विधींचा. सोलच्या मुलीने जाहीर केलं की सगळे विधी बायकांना राबवण्यासाठी पुरुषांनी काढले. मला वाटलं, बाईसाहेबांना थोडा अडथळा घालावा. म्हणून मी यज्ञाची गोष्ट सांगितली. यजमान कितीही मोठा असो, शेजारी पत्नी बसली नाही तर त्याची आहुती अपुरी. पुण्यात आमचे शास्त्रीबुवा ही गोष्ट सांगताना आत चहा करणाऱ्या बाईंकडे बघून आवाज चढवायचे. आतून उत्तर यायचं, "एवढं आहे तर कपबशा विसळायला या!" पोरं हसली. आणि हसू ओसरल्यावर टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला, "सर, आणि आपल्याकडे?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सोलच्या मुलीचं तोंड मी आयुष्यात पहिल्यांदा मिटलेलं पाहिलं.

मग तो बोलला, दाजी. सावकाश बोलला. शब्द निवडून, ताटात वाढताना मोठा मासा कुणाला आणि लहान कुणाला हे बघावं तसं. श्राद्धाची मांडणी त्याने सांगितली, माशाचं डोकं पूर्वेला का, लाल फळं कुठल्या हाताला, सुरई कोणी धरायची. वर्ग ऐकत राहिला. मध्ये मिस्टर विथर्स कॅमेरेवाल्याला घेऊन आले, कारण शाळेची नवी फिल्म चालली आहे, आणि त्या फिल्ममध्ये मी मागे उभा राहून मान डोलावताना दिसेन. तुम्ही सांगितलं होतं घरावर नको, पण हे घर नव्हे, शास्त्र. तुम्ही मनाई केलेल्या गोष्टीच्या गावालाही तो गेला नाही.

एक बातमी धाकट्या आजोबांसाठी मुद्दाम राखून ठेवली आहे. वर्ग सुटल्यावर तो माझ्या खोलीवर आला. वर्गाबाहेर तो मला मामा म्हणतो. म्हणाला, "मामा, श्राद्धाचे जुने ग्रंथ आहेत तुमच्याकडे?" गोऱ्यांच्या शाळेत जाऊन नातू श्राद्ध विसरणार होता ना? इथे त्याने त्याचे ग्रंथ मागून घेतले. दोन संध्याकाळी आम्ही बसून वाचले. अडलं तिथे त्याने विचारलं, मी सांगितलं. तुमच्या भावकीत आज किती जणांना ती जुनी चिनी लिपी वाचता येते, हे विचारत नाही. पाहुण्याने घराची खोली उघडून बघू नये.

तर सुटीला तो येतोय. शेजारी उभा करा, आणि अभिमानाने करा.

हाक-सू


आन्दोंग, २४ फेब्रुवारी

हाक-सू,

श्राद्ध बुधवारी संध्याकाळी झाले. झाले असे लिहितो, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही.

सारे जमले होते. पहिला पेला माझा. तेगनने ओतला, मी वाहिला. त्याचा हात स्थिर होता. मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. मग दुसऱ्या पेल्यासाठी सोक-जे पुढे आला, दर वर्षी येतो तसा. त्याने पेला धरला. तेगनने सुरई वाकवली नाही.

म्हणाला, "बाबा, जुन्या ग्रंथांत दुसरा पेला घरच्या थोरल्या सुनेचा आहे. मी मामांबरोबर बसून वाचलं. आईला बोलावू?"

अगदी अदबीने म्हणाला. उद्धटपणे म्हणाला असता तर मला मारता आले असते.

मी म्हटले, "नंतर बघू."

"नंतर कधी? तीन दिवस ती मनगटाला फडकं बांधून तळतेय. काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण हा पेला तुमचा कसा, एवढंच विचारतोय."

सोक-जे साधा माणूस आहे. तो दोन्ही हातांत पेला धरून तसाच उभा राहिला. मला काहीही सांगता आले असते. घरची चाल आहे म्हणता आले असते. मग धाकटे आजोबा बोलले.

"विचारलंयस तर ऐक. ज्या घरून वंश आला, दुसरा पेला त्या घरचा. तुझी आजी जिवंत असताना ठरलंय ते. आणि आईला बोलवायचं तर बोलाव की. ती आत आहेच. पण तू जिला बोलावतोयस ती नव्हे."

स्वयंपाकघराच्या दारात दोघीही येऊन उभ्या होत्या. ओक-रीच्या हातात झारा, सोक-जेच्या बायकोच्या हातात ताटे पुसायचे फडके. तेगनने आधी एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे.

मग त्याने सुरई वाकवली आणि सोक-जेचा पेला भरला. थेंब सांडला नाही. पुढचे सारे नमस्कार केले. जेवायला बसला. सोक-जेच्या बायकोने त्याच्या ताटात बांगडा वाढला तेव्हा "थँक यू" म्हणाला. सकाळी आम्ही उठलो तर अंथरूण घडी घातलेले होते आणि तो निघून गेला होता.

पेल्याचे कारण मी तुला कधी सांगितले नाही. ओक-रीला मूल झाले नाही म्हणून तिचा पेला काढून घेतला, हे मेव्हण्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्या वेळी माझ्या आईपुढे मी मान डोलावली होती. पण तू मला विचारलेही नाहीस. दोन संध्याकाळी बसून माझ्या घरचे श्राद्ध तू माझ्या मुलाला ग्रंथातून शिकवलेस. ग्रंथात आमचे घर कुठे आहे?

उत्तर पाठवू नकोस.

सोक-ग्यू


जेजू, ३ मार्च

दाजी,

उत्तर नको म्हणालात, म्हणून थोडक्यात लिहितो.

पेल्यामागचं कारण मला माहीत नव्हतं. बऱ्याच घरांत हा पेला काळाच्या ओघात पुरुषांकडे गेला, तसाच तुमच्याकडेही गेला असेल, असं मी धरून चाललो. शितावरून भाताची परीक्षा केली. शीत दुसऱ्याच भांड्यातलं निघालं.

पण तुम्हीही एक ऐका. मुलाला बोलतं कर म्हणालात. परक्यापुढे बोलेल आणि भावकीपुढे मुका राहील, असा मुलगा तुम्हाला हवा होता. असं औषध माझ्या माहितीत नाही. आणि ताईचा पेला ज्या दिवशी काढून घेतला त्या दिवशी तुम्ही मान डोलावलीत, मग सुरई धरायला तिनेच वाढवलेलं पोर उभं केलंत. त्याला काही दिसणार नाही असं तुम्हाला का वाटलं?

असो. मुलाखत झाली. मी दाराबाहेर होतो. मिस्टर विथर्स आत होते, बाहेर आले ते डोळे पुसत. "अस्सल आवाज, मिस्टर ब्योन! असं मी वर्षानुवर्षांत ऐकलं नाही."

त्याने सगळं सांगितलं, दाजी. पेला, सुरई, काका, दारात उभ्या दोघी. आठवड्यापूर्वीची गोष्ट, पण मिस्टर विथर्सनी ती मला सांगितली तेव्हा तिला सुरुवात होती, मध्य होता, शेवट होता. जिथे थांबायचं तिथे तो थांबला म्हणे. कॉलेजच्या माणसाने लिहिणं बंद केलं आणि चष्मा काढून ठेवला. थांबायचं कुठे हे मी शिकवलंय.

शाळेत परतल्यावर संध्याकाळी तो जेवणघराबाहेर भेटला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"जेवलास का, तेगन?"

"जेवलो, सर."

"इथे कोणी नाही. मामा म्हण."

तो हसला, जेवढ्यास तेवढं.

"आईला फोन केलास?"

"कोणत्या?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारावं तसं विचारलं.

तुम्हाला या पत्राचं उत्तर द्यावंसं वाटणार नाही. ताईला वाचायला द्या, किंवा देऊ नका. तेही आता मी ठरवत नाही.

हाक-सू


आन्दोंग, ९ एप्रिल

हाक-सू,

यांना न सांगता लिहितेय.

तेगन कॉलेजात लागला हे मला शेजारच्या सुनेकडून कळलं. तिने फोनवर तुमच्या शाळेची फिल्म दाखवली. त्यात तो बोलतो. केस कापलेत, बारीक झालाय. मला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, "काय म्हणतोय गं?" ती थोडा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, "छान बोलतो हो, काकू," आणि फोन पर्समध्ये टाकला. पुन्हा मागितला तर म्हणे बॅटरी संपली.

तो काय म्हणतो ते तू सांग. शब्दाला शब्द सांग.

त्या दिवसाचं तुला यांनी लिहिलं असेल. यांनी काय पाहिलं ते लिहिलं असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं, मीच आहे रे. तोंडापर्यंत आलं होतं. पण जाऊ माझ्या शेजारी उभी होती ना. माझ्या अंगाला तिचा खांदा लागत होता. दर वर्षी ती त्याच्या ताटात वाढते आणि काकी म्हणून घेते, एका शब्दाने कधी काही बोलली नाही. तिच्या देखत मी कशी म्हणू, मीच आहे म्हणून? मी खाली बघितलं. त्याने ते पाहिलं.

आता यांनी भावकी जमवून ठरवून घेतलंय. पुढच्या वर्षापासून दुसरा पेला माझा. धाकट्या आजोबांनीही हो म्हटलं. हे मला सांगायला आले तेव्हा चेहरा असा, की जणू मोठं काही घेऊन आलेत. मी म्हटलं, नको. सुरई धरणारा नसेल तर मी त्या पेल्याचं काय करू?

तो माझं काही विचारतो का? खरं सांग. तू गोड बोलायला लागलास की मला कळतं, लहानपणापासून कळतं. श्लोक वगैरे सांगू नकोस.

ओक-री


जेजू, १५ एप्रिल

ताई,

श्लोक नाही सांगत.

शब्दाला शब्द मागितलास, तर हा घे. फिल्ममध्ये तो म्हणतो, "मी अशा घरात वाढलो जिथे प्रश्न विचारणं म्हणजे अपमान करणं. इथे मला माझा आवाज मिळाला. ज्या बाईने मला वाढवलं ती कधीच बोलली नाही. तिच्यासाठीही मला बोलायचं आहे." मग समुद्र दिसतो आणि शाळेचं नाव येतं. आई हा शब्द नाही. पुन्हा पुन्हा ऐकून बघितलं, नाही. जी गोष्ट जशी आहे तशी नेमक्या शब्दात सांगावी, हे मी वर्षभर त्या टेबलाशी बसून शिकवत होतो. मागे मान डोलावणारा माणूस मी. माझं डोलावणं जानेवारीत टिपलेलं आहे आणि हे बोलणं मुलाखतीनंतरचं, पण बघणाऱ्याला काय कळणार.

मी मिस्टर विथर्सकडे जाऊन म्हटलं, एवढा भाग काढा, त्याच्या घरची माणसं आहेत. ते चांगले गृहस्थ आहेत, हेच अवघड आहे. म्हणाले, "थिओची संमती आहे. त्याचा आवाज आहे, मिस्टर ब्योन. आता तुम्हीच तो बंद करा म्हणता?" आता त्याचं फिल्ममधलं वाक्य दरवाजाजवळच्या मोठ्या फलकावर लागलंय, त्याच्या फोटोखाली. नवे पालक येतात, थांबून वाचतात. परवा एक आई आपल्या पोराला म्हणाली, "बघ, असं बोलता आलं पाहिजे."

तुझं पत्र आलं त्या रविवारी मी त्याला गावात डुकराच्या मटणाचे नूडल्स खायला नेलं. तुझं पत्र दाखवलं नाही, पण काकीच्या खांद्याचं सांगितलं. तू खाली का बघितलंस ते सांगितलं. मला वाटलं होतं, एवढ्याने काही हलेल.

त्याने चॉपस्टिक खाली ठेवून नीट ऐकलं. म्हणाला, "हो सर, ते मी समजू शकतो. त्यांच्या जागी दुसरं काही करणं कठीण होतं."

"त्यांच्या कोणाच्या?"

"सगळ्यांच्याच. काकांच्या पण. आजोबांच्या पण. प्रत्येकाची एक बाजू आहे."

"आणि तुझी?"

"मी रागावलेलो नाही, सर. खरंच नाही."

"मग आन्दोंगला जा ना चार दिवस. आईचं मनगट—"

"जाईन कधीतरी," म्हणाला, आणि माझ्या वाडग्यात मटण कमी दिसलं म्हणून आपल्यातलं उचलून मला वाढलं. दोन्ही हातांनी. हे त्याला तू शिकवलंस.

मला तो रागावलेला चालला असता. रागावलेला माणूस निदान भांडायला तरी घरी येतो. याने आपल्या सगळ्यांना समजून घेतलंय आणि बाजूला ठेवलंय. इथे आम्ही त्याला उदार मन म्हणतो. शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे.

दाजींना आणखी एक गोष्ट कळवायची आहे, ती तू सांग, मला धीर नाही. उन्हाळ्याची सुटी तो इथेच काढणार आहे. शाळेने त्याला लहान मुलांच्या शिबिरात काम दिलंय, पोरांना बोलायला शिकवण्याचं. तिथून ऑगस्टमध्ये थेट विमानतळावर. तुम्हाला त्याने अजून सांगितलं नसेल. सांगेल, आणि फार चांगल्या शब्दांत सांगेल.

तू विचारलंस, तो तुझं काही विचारतो का. नाही, ताई. एकदाही विचारलेलं नाही.

आणि मला जी काळजी आहे ती हीच. तो तिकडे जाईल, त्याला मित्र मिळतील, तब्येत बरी राहील, नव्या वर्षाला वेळेवर पत्र लिहील, आणि परत येणार नाही. आपण वाट बघत राहू आणि आपल्याला त्याला दोषही देता येणार नाही. त्याला कसं परत आणायचं, मला माहीत नाही.

हाक-सू